संशयिताचं वर्णन करणारे शब्द

ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे पण कोर्टात अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, अशा माणसाला बातमीत, पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीतर पारावर काय म्हणायचं, त्याचा हा विषय. मराठीत शब्दांना तोटा नाही, पण खान्देशात बोलताना सगळे एकाच भावात खपतात.

खरं तर प्रत्येक शब्दाची एक पायरी ठरलेली आहे. फिर्याद देताना कोण ते माहीत नसेल तर 'अनोळखी इसम', कोणावर नजर गेली की 'संशयित', एफआयआरमध्ये नाव आलं की 'आरोपी', आणि 'दोषी' किंवा 'गुन्हेगार' फक्त कोर्टाच्या निकालानंतर. चौकशीला ताब्यात घेणं आणि अटक करणं या पण दोन वेगळ्या गोष्टी, तरी बातमीत दोन्हीला सर्रास 'जेरबंद' म्हणतात. अठराच्या आतलं पोरगं असेल तर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं, जड आहे शब्द पण 'बालगुन्हेगार' पेक्षा बरा, आणि त्याचं नाव, फोटो, शाळा छापायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदीच आहे.

आता रावेर-यावलकडचं नेहमीचं प्रकरण घ्या, केळीच्या शेतातून मोटारीची केबल चोरीला जाते, तांब्यासाठी. सकाळी शेतकरी पाहतो तर केबल कापलेली, मग गावात कोणीतरी म्हणतं 'त्यानाच हात शे' (त्याचाच हात आहे), दुपारपर्यंत ग्रुपवर फोटोसकट 'केबलचोर सापडला', आणि पोलिसांनी नुसतं चौकशीला बोलावलेलं असतं तरी दुसऱ्या दिवशी छापून येतं की मुसक्या आवळल्या. या सगळ्यात कोर्ट कुठेच आलेलं नाही हे कोणाच्या ध्यानात पण येत नाही.

खरी गफलत नामात कमी आणि क्रियापदात जास्त होते. 'संशयित आरोपीने केबल चोरली' या वाक्यात पहिला शब्द संशय घेतो आणि शेवटचा निकाल देऊन मोकळा होतो. 'चोरली असा आरोप आहे', 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार', 'फिर्यादीत म्हटलंय', यातलं काहीतरी लागतंच, म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. 'कथित' आहे पण तो कागदीच, पारावर कोणी म्हणत नाही. 'सराईत', 'अट्टल' हे शब्द तर आधीच्या रेकॉर्डच्या जोरावर आजचा गुन्हा पण डोक्यावर टाकतात.

दिसण्याचं वर्णन द्यायचं तर जे कोणी डोळ्याने पाहिलं तेवढंच द्यावं: उंची, अंगातले कपडे, गाडीचा रंग, हातावर गोंदलेलं. 'पारध्यासारखा दिसत होता' याला वर्णन म्हणत नाहीत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का 1952 साली कागदावरून गेला, बोलण्यातून नाही. मथळ्यात बिनधास्त येणारा 'भामटा' हा राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीतलं एका समाजाचं नाव पण आहे, हे लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 ला जे झालं ते याच शब्दांच्या खेळातून झालं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, आणि ग्रुपवर आधीपासून फिरत होतं 'मुलं पळवणारी टोळी आलीय'. बाजारच्या दिवशी जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्यांच्याविरुद्ध तक्रार नव्हती, एफआयआर नव्हता, म्हणजे नीट बघितलं तर 'संशयित' हा शब्द पण त्यांना लागू नव्हता, 'टोळी' हा एकच शब्द पुरला. त्यांना मारणाऱ्यांचं उलट सगळं पायरीने झालं, आधी आरोपी, मग खटला, आणि 2024 मध्ये धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिल्यावर त्यांना दोषी म्हणता आलं. असंच व्हायला पाहिजे.

सुटकेचे शब्द पण बघायला लागतात. 'निर्दोष मुक्तता' झाली की गावात म्हणतात 'सुटला', म्हणजे केलं होतं पण निसटला, आणि 'संशयाचा फायदा' हे ऐकलं की तर खात्रीच पटते. जामिनाला पण 'सुटला'च म्हणतात, तिथे केस अजून उभीच असते. अटकेची बातमी पहिल्या पानावर असेल तर सुटकेची आतल्या पानात चार ओळीत येते, नाहीतर येतच नाही, आणि ग्रुपवरचा तो फोटो काढायला अॅडमिनला कोणी सांगत नाही.