फॉकलंड, लूशस केरी

फॉकलंड, लूशस केरी, दुसरा व्हायकाउंट : (सु. १६१० – २० सप्टेंबर १६४३). इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या आरंभकाळातील राजपक्षीय मुत्सद्दी व पहिल्या चार्ल्सचा सचिव. जन्म ऑक्सफर्डशरमधील बर्फर्ड येथे. जन्मवर्ष १६०९ की १६१० याविषयी एकमत नाही. दुसरे अधिक ग्राह्य वाटते. वडील हेन्री केरी हे आयर्लंडमधील राजप्रतिनिधी होते. त्यांच्यानंतर १६३३ मध्ये किताब लूशसकडे आला. पण हा किताब स्कॉटिश असल्याने इंग्लंडच्या उमराव सभेत त्याला स्थान नव्हते, कॉमन्स सभेचा मार्ग मात्र खुला राहिला. त्याच्या ग्रेट ट्यू येथील वाड्यात एडवर्ड हाइड (पुढे क्लॅरेंडन), विल्यम चिलिंगवर्थ इ. विद्वान जमत.

१६४० मध्ये भरलेल्या व अनेक वर्षे टिकलेल्या ‘दीर्घ संसदे’त तो प्रथम राजाच्या टीकाकारांत होता. राजाचा प्रमुख सल्लागार स्ट्रॅफर्ड याला देहदंड देण्याच्या विधेयकालाही त्याचा पाठिंबा होता. बिशपांवर त्याचा रोष असला, तरी ते पदच मोडीत काढणे त्याला मान्य नव्हते. जानेवारी १६४२ मध्ये त्याने सचिवपद पतकरले.

राजाची सत्ता मर्यादित करू पाहणाऱ्या संसदेच्या एकोणीस मागण्यांना जून १६४२ मध्ये दिलेले राजाचे उत्तर फॉकलंड व राजाचा मंत्री जॉन कल्पेपर यांनी लिहिले. राज्यघटनाविषयक भाग सामान्यतः कल्पेपरचा मानतात. त्यात राजा, उमराव व कॉमन्स असे राज्याचे तीन घटक सांगितले आहेत. परंपरेनुसार ते घटक धर्मगुरू, उमराव व सामान्यजन असून राजा त्यांच्या वर. नव्या मांडणीने बिशप वगळले गेले आणि राजा तिघांपैकी एक ठरला, हा हाइडचा आक्षेप होता. तो सयुक्तिक दिसतो. संसदपक्षीय लेखकांनी पुढे हीच मांडणी राजाविरुद्ध वापरली.

न्यूबरीच्या पहिल्या लढाईत तो राजपक्षीय सेनानी बायरनच्या घोडदळात स्वेच्छेने सामील झाला व मारला गेला. युद्धाने खचून तो ‘शांतता, शांतता’ म्हणत असे, असे क्लॅरेंडन लिहितो. मेलो तर मळक्या कपड्यांत सापडू नये म्हणून त्याने त्या सकाळी स्वच्छ सदरा मागितला, असे समकालीन संसद-सदस्य व्हाइटलॉक सांगतो. यांवरून तो जाणूनबुजून मृत्यूला सामोरा गेला असे काही अभ्यासक मानतात. बायरनच्या वृत्तांतात मात्र एवढेच आहे, की कुंपणातील अरुंद फटीतून तो विवेकापेक्षा शौर्याने पुढे घुसला आणि घोड्यासह तत्काळ पडला. क्लॅरेंडन जिवलग मित्र होता, हे विसरता येत नाही. बायरनची साक्ष जवळची वाटते. दफन ग्रेट ट्यू येथे झाले.

फॉकलंड बेटांचे नाव याच्यावरून नाही. जॉन स्ट्राँगने १६९० मध्ये तेथील सामुद्रधुनीला दिलेले नाव त्याचा नातू अँथनी, पाचवा व्हायकाउंट, याचे होय.