हॉलिवूडचे प्रणयप्रधान संगीतपट

अमेरिकेतल्या हॉलिवूडच्या स्टुडिओंनी साधारण १९२९ ते १९५८ या काळात काढलेले, प्रेमकथा गाण्यांतून आणि नृत्यांतून पुढे नेणारे चित्रपट. तिकडे त्यांना नुसते ‘म्युझिकल’ म्हणतात. हा वेगळा प्रकार का मानायचा, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणे साहजिक आहे. १९३१ च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती आणि तेव्हापासून आपल्याकडे बिनगाण्याचा चित्रपट हाच अपवाद ठरला. हॉलिवूडमध्ये नेमके उलट होते. गुन्हेगारीपट किंवा काऊबॉयपट असावेत तसे संगीतपट हे एक स्वतंत्र दालन होते. इतर चित्रपटांतली पात्रे एरवी गात नसत. त्यामुळे संगीतपट काढणाऱ्यासमोर एक अडचण कायम उभी असे : आत्ता साधे बोलणारा माणूस एकाएकी गाऊ का लागला?

संगीत नाटकाला ही अडचण कधी जाणवलीच नाही. ऑर्गनवाला सूर देई, नट दोन पावले पुढे येई, पद सुरू होई आणि रंगले तर ‘वन्समोअर’ही मिळे. गद्य आणि पद यांच्यामधला सांधा सगळ्यांना दिसे, त्याचे कोणाला काही वाटत नसे. चित्रपटात मात्र रस्ते, खोल्या, पाऊस हे सगळे खरे भासते, म्हणून तो सांधा खुपतो. तीस वर्षे हॉलिवूड तो सांधा घासूनपुसून गुळगुळीत करत राहिले. या चित्रपटांची मोहिनी त्याच जागी आहे, बोलण्याचे गाणे आणि चालण्याचे नृत्य होते त्या दोन-चार सेकंदांत.

सुरुवात

६ ऑक्टोबर १९२७ रोजी वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्याचा बराचसा भाग मूकपटच होता, पण अल जोल्सनची गाणी आणि मधले थोडे बोलणे ऐकू आले आणि मूकपटाचे दिवस भरले. मेट्रो-गोल्डविन-मेयर म्हणजे एमजीएम या स्टुडिओच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ला (१९२९) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारा तो पहिला बोलपट. याच चित्रपटाच्या वेळी एक मोठा शोध जवळजवळ अपघाताने लागला. एक नृत्य पुन्हा चित्रित करायचे ठरले, पण संगीत आधीच चांगले मुद्रित झाले होते. मग तेच ध्वनिमुद्रण सेटवर वाजवले आणि नर्तकांना त्यावर नाचायला लावले. ध्वनी विभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांच्या नावावर ही युक्ती सांगितली जाते. आवाज आधी, चित्र मागून, ही पद्धत तिथून रूढ झाली आणि मायक्रोफोनशी जखडलेला कॅमेरा सुटा झाला.

पाठोपाठ संगीतपटांचा नुसता पूर आला. त्यांतले बहुतेक म्हणजे रंगमंचासमोर कॅमेरा ठेवून घेतलेले कार्यक्रम होते. लोक इतके विटले, की १९३० च्या सुमारास ‘या चित्रपटात गाणी नाहीत’ हीच जाहिरात होऊ लागली.

वॉर्नरच्या ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ने (१९३३) हा प्रकार पुन्हा उभा केला. त्याचे नृत्यदिग्दर्शक बस्बी बर्कली पहिल्या महायुद्धात सैन्यात होते आणि कवायतीचे नमुने आखत. तीच कवायत त्यांनी शेकडो मुलींकडून करून घेतली आणि कॅमेरा थेट छताला नेऊन खाली रोखला. वरून पाहताना माणसे दिसेनाशी होतात आणि उमलती-मिटती फुले दिसतात. डोळे दिपतात खरे, पण प्रेम तिथे कुठेच नसते. बर्कलींचे चित्रपट प्रणयप्रधान म्हणवतात ते कथेपुरते.

प्रेम आले युरोपातून, व्हिएन्नाच्या संगीतिकेच्या वळणाने. बर्लिनहून आलेल्या अर्न्स्ट लुबिच यांनी मॉरिस शेव्हालिए आणि जेनेट मॅकडोनल्ड या जोडीला घेऊन ‘द लव्ह परेड’ (१९२९) काढला. तिबिलिसीत जन्मलेल्या रूबेन मामूलियन यांनी हीच जोडी ‘लव्ह मी टुनाइट’मध्ये (१९३२) घेतली. त्यातले एक गाणे पॅरिसमधल्या शिंप्याच्या दुकानात सुरू होते. गिऱ्हाईक ते गुणगुणत बाहेर पडते, टॅक्सीवाला उचलतो, पुढे आगगाडीतल्या सैनिकांकडे जाते, तिथून एका भटक्या टोळीच्या व्हायोलिनवर चढते आणि शेवटी दूरच्या गढीत सज्जात उभ्या राजकन्येच्या कानी पडते. नायक-नायिकेने एकमेकांना अजून पाहिलेलेही नाही, तरी गाणे दोघांत पोहोचले आहे. सांधा झाकण्याची इतकी हुशार युक्ती पुढेही क्वचितच कोणाला सुचली.

अस्टेअर आणि रॉजर्स

फ्रेड अस्टेअर (१८९९–१९८७) हे नेब्रास्कातल्या ओमाहाचे. लहानपणापासून थोरली बहीण अडेल हिच्याबरोबर ते रंगमंचावर नाचत. १९३२ मध्ये अडेल लग्न करून निवृत्त झाली आणि ते चित्रपटाकडे वळले. आरकेओ स्टुडिओच्या ‘फ्लाइंग डाउन टू रिओ’मध्ये (१९३३) दुय्यम भूमिकेत त्यांना जिंजर रॉजर्स यांची जोड मिळाली. ही जोडी एकूण दहा चित्रपटांत दिसली, त्यांतले नऊ आरकेओचे. कथा जवळपास एकच : गैरसमज, रुसवा, पाठलाग आणि मनधरणी. हॉटेले पांढरीशुभ्र, जमिनी आरशासारख्या, पैशाची ददात कोणालाच नाही. बाहेर महामंदीने लाखो माणसे बेकार झाली होती, आणि तीच माणसे तिकीट काढून हे पाहायला येत होती.

अस्टेअर यांचा आग्रह दोन गोष्टींसाठी असे. नाचताना नर्तक डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसला पाहिजे आणि मध्ये कात्री शक्यतो लागता कामा नये. हात, पाय, चेहरा यांचे तुकडे जोडून नृत्य ‘बनवणे’ त्यांना मान्य नव्हते. याचा अर्थ, चूक झाली तर सगळे पहिल्यापासून. नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन यांच्याबरोबर त्यांच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालत. ‘स्विंग टाइम’च्या (१९३६) अखेरच्या नृत्याचे ४७ टेक झाले आणि रॉजर्सच्या पायांतून रक्त आले, असे सांगतात. पडद्यावर या घामाचा थेंबही दिसत नाही.

‘टॉप हॅट’मधले (१९३५) पावसातले नृत्य नमुन्यादाखल घ्यावे. लंडनच्या एका बागेत वीज कडाडते आणि दोघे वाद्यवृंदाच्या छत्रीखाली आडोशाला येतात. ती त्याच्यावर चिडलेली, घोडेस्वारीच्या पँटमध्ये, त्याच्याकडे पाठ करून बसलेली. तो गातो, ती वळून पाहत नाही. गाणे संपल्यावर तो शीळ घालत नुसत्या येरझारा घालतो. ती उठते आणि त्याच्या मागे त्याच्याच चालीची नक्कल करत चालू लागते, अगदी चिडवल्यासारखी. तो एक पाऊल वेगळे टाकतो, तीही टाकते. मग तो थोडे अवघड करतो. चालणे संपून नृत्य कोणत्या क्षणी सुरू झाले ते कितीदाही पाहिले तरी बोट ठेवून सांगता येत नाही. बराच वेळ ती दोघे एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. शेवटी दोघे कट्ट्यावर टेकतात आणि हस्तांदोलन करतात. चुंबन नाही, कबुलीही नाही, पण प्रेम जमल्याबद्दल कोणाच्या मनात शंका उरत नाही.

यामागे सेन्सॉरही होते. १९३४ च्या मध्यापासून ‘प्रॉडक्शन कोड’ ही नियमावली कडकपणे लागू झाली आणि शारीर जवळीक पडद्यावरून जवळजवळ हद्दपार झाली. जे दाखवता येईना ते नृत्यात गेले. ओळख, नकार, अजिजी, शरणागती असे सगळे टप्पे तीन-चार मिनिटांत पायांनी सांगायचे, ही सक्ती होती आणि तिचे सोने झाले. ‘टॉप हॅट’मध्येच रॉजर्सने शहामृगाच्या पिसांचा झगा घातला आणि ती पिसे नाचताना सुटून उडू लागली. अस्टेअर वैतागले. पुढे ते तिला थट्टेने ‘फेदर्स’ म्हणू लागले. बारकाईने पाहिले तर काही पिसे पडद्यावर आजही गळताना दिसतात.

गाणे कसे रचले जाई

गाणी लिहिणारे बहुतेक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेले : अर्व्हिंग बर्लिन, जेरोम कर्न, गर्श्विन बंधू, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स आणि लॉरेन्झ हार्ट. बर्लिन यांना स्वरलिपी वाचता येत नसे. ते मुख्यतः पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर वाजवत आणि पट्टी बदलण्यासाठी पियानोलाच एक दांडा बसवून घेतला होता. त्या काळातले गाणे सहसा बत्तीस बारांचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) असे, आठ-आठ बारांचे चार तुकडे : मुखडा, पुन्हा मुखडा, मग वेगळ्या चालीचा तिसरा तुकडा आणि परत मुखडा. आपल्या भावगीतात अंतऱ्यावरून ध्रुवपदावर येताना जे सुख मिळते, तसेच काहीसे इथे तिसऱ्या तुकड्यानंतर मिळते. त्याआधी अनेकदा एक प्रास्ताविक कडवे असे, अर्धे बोलल्यासारखे, ताल सैल सोडलेले. रेडिओवरचे गायक ते बहुधा गाळून टाकत. चित्रपटात मात्र त्याचे मोल फार मोठे, कारण बोलण्यातून गाण्यात उतरण्याची ती पायरी होती.

गाणे आधी मुद्रित होई, सेटवर वाजवले जाई आणि नट ओठ हलवत. टॅप नृत्यातला बुटांचा खटखटाट सहसा नंतर वेगळा मुद्रित करत. पार्श्वगायनही चाले, पण चोरून. मार्नी निक्सन यांनी ‘द किंग अँड आय’मध्ये (१९५६) डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’त (१९६१) नॅटली वुड आणि ‘माय फेअर लेडी’त (१९६४) ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी गायले. श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नव्हते. आपल्याकडेही १९४९ च्या ‘महल’च्या ध्वनिमुद्रिकेवर आधी लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले गेले होते. पुढे भारतात पार्श्वगायक नटाइतकेच प्रसिद्ध झाले. हॉलिवूडला मात्र आवाज आणि चेहरा एकाच माणसाचा आहे हा भ्रम सोडवेना.

फ्रीड युनिट

१९४० च्या दशकात केंद्र एमजीएमकडे सरकले. तिथले निर्माते आर्थर फ्रीड मुळात गीतकार. त्यांच्या हाताखाली दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, स्टॅन्ली डोनन, नर्तक-दिग्दर्शक जीन केली, गायिका-नटी ज्युडी गार्लंड अशी माणसे जमली. टेक्निकलर या तिरंगी रंगचित्रणाच्या पद्धतीचा कॅमेरा अवजड होता आणि त्याला प्रकाशही भरपूर लागे. त्यामुळे सेटवर उकाडा असह्य होई. पण त्यातून मिळणारे लाल आणि पिवळे रंग आजही दुसरीकडे दिसत नाहीत.

‘मीट मी इन सेंट लुइस’ने (१९४४) रंगमंच, नट-नट्या, तालमी हा नेहमीचा बहाणा टाकून दिला. १९०३-०४ मधले एक मध्यमवर्गीय घर, शेजारचा मुलगा आणि वडिलांच्या बदलीचे सावट, एवढाच ऐवज. माणसे घरात, ट्रॅममध्ये, खिडकीत गातात, आणि ते खटकत नाही, कारण घरच मुळी गाणाऱ्यांचे आहे. ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ (१९५१) सुमारे सतरा मिनिटांच्या बॅलेने संपतो. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तरी माझ्या मते तो बॅले जितका भव्य तितकाच भावनेने कोरडा आहे.

‘सिंगिंग इन द रेन’चे (१९५२) तसे नाही. फ्रीड आणि नेसिओ हर्ब ब्राउन यांची जुनी गाणी हाती देऊन लेखकांना त्यांभोवती कथा रचायला सांगितले होते. गाणी मूकपट संपतानाच्या काळातली, म्हणून कथाही त्याच काळाची. पावसातल्या प्रसिद्ध गाण्याच्या वेळी केली यांना सुमारे १०३ अंश फॅरनहाइट ताप होता. रस्त्यावर डबकी कुठे हवीत ते ठरवून खड्डे खणले होते. पाऊस उठून दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळले, ही कथा सर्रास सांगितली जाते, पण ती खरी नव्हे. पाठीमागून टाकलेल्या प्रकाशाने ते काम केले. गंमत अशी, की पडद्यावर डेबी रेनल्ड्स नट्टापट्टा केलेल्या बेसूर नटीला आपला आवाज उसना देते, पण त्यातल्या एका गाण्यात खुद्द रेनल्ड्सलाच बेटी नॉइस यांचा आवाज दिला आहे.

सांध्याचे शेवटचे मोठे उत्तर ‘द बँड वॅगन’मध्ये (१९५३) सापडते. अस्टेअर आणि सिड शरीस घोडागाडीतून न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये उतरतात. दोघांचे पटत नाही. गर्दीतून न बोलता चालत एका मोकळ्या जागी येतात. ती सहज एक गिरकी घेते, तो तिला उत्तर देतो. शब्द एकही नाही, जुन्या गाण्याची फक्त चाल वाद्यांवर. नाचून झाल्यावर पुन्हा गाडीत बसतात, आणि आता दोघांत भांडण उरलेले नसते.

झाकलेली बाजू

हे जग गोऱ्यांचे होते. टॅप नृत्य आणि जॅझ ही कृष्णवर्णीयांची देणगी, पण त्यांना प्रेमकथेत जागा नव्हती. गायिका लीना हॉर्न यांची गाणी बहुधा मूळ कथेपासून सुटी ठेवत, म्हणजे वंशभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांत ती कापून चित्रपट दाखवता येई. निकोलस बंधूंसारख्या अजोड नर्तकांनाही तीच वागणूक मिळाली. १९४३ चे ‘स्टॉर्मी वेदर’ आणि ‘कॅबिन इन द स्काय’ हे संपूर्ण कृष्णवर्णीय कलावंतांचे चित्रपट ठळक अपवाद. अस्टेअर यांनीही ‘स्विंग टाइम’मध्ये तोंडाला काळे फासून नृत्य केले. कृष्णवर्णीय टॅप नर्तक बिल रॉबिन्सन यांना ती मानवंदना मानली गेली, पण आज ते पाहताना नजर खाली जाते.

मुंबईत

एमजीएमने मुंबईत धोबी तलावाजवळ स्वतःचे ‘मेट्रो’ चित्रपटगृह १९३८ मध्ये उघडले. हे संगीत केवळ पडद्यावरून आले नाही. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा फिल्म स्टुडिओत. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांतलेच. सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांच्या ‘अलबेला’त (१९५१) या स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, ठेका कामगार वस्तीपर्यंत पोहोचला. भगवानदादांची चाल अस्टेअरसारखी मुळीच नाही. ती कोणालाही घरी करून पाहता येते, म्हणूनच ती वरातींत उतरली.

उतार

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंची चित्रपटगृहांवरची पकड मोडली. दूरचित्रवाणी घरात आली. नर्तक, वादक, शिंपी यांना वर्षभर पगारावर ठेवणे परवडेना आणि तालमींचे ते आठवडे संपले. तरुणांचे संगीत रॉक अँड रोल झाले. ‘जिजी’ने (१९५८) नऊ ऑस्कर पटकावले, पण ती दिवा विझण्याआधीची मोठी ज्योत होती. ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या (१९६५) प्रचंड यशाने फसून काढलेले ‘डॉक्टर डूलिटल’, ‘स्टार!’ असे खर्चिक चित्रपट आपटले.

१९७० मध्ये एमजीएमने आपले कपडे आणि सामान लिलावात काढले. १९७४ मध्ये जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून ‘दॅट्स एंटरटेनमेंट!’ हा चित्रपट आला. त्यात जुने कलावंत स्टुडिओच्या आवारात फिरत आठवणी सांगतात. पंचाहत्तरीला आलेले अस्टेअर ‘द बँड वॅगन’च्या रेल्वे फलाटावर येतात. एकवीस वर्षांपूर्वी याच फलाटावरून ते गाणे म्हणत गेले होते. आता तो सेट मोडकळीला आला आहे.