भाषणांतल्या बायका

राजकीय भाषणात कुणी बायकांना नावं ठेवली की लगेच गदारोळ होतो. कौतुक मात्र टाळ्या घेऊन जातं, आणि बाईची जागा बहुतेकदा त्या कौतुकातच ठरवून टाकलेली असते.

ही रीत जुनी आहे. इ. स. पू. 431 च्या हिवाळ्यात, युद्धात पडलेल्यांच्या अंत्यविधीला अथेन्समध्ये तिथला नेता पेरिक्लीज बोलला. लोकशाहीचे गोडवे गाऊन झाल्यावर विधवांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या: जिचं नाव पुरुषांच्या तोंडी कमीत कमी येतं, बरं वा वाईट, ती थोर. रोममध्ये इ. स. पू. 195 मध्ये तिथला राज्यकर्ता केटोने एवढाही मुलामा दिला नाही. दागिने आणि रंगीत वस्त्रांवर बंधनं घालणारा कायदा हटवा म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याने बजावलं, बरोबरीला आल्या की त्या डोक्यावर बसतील. (हे शब्द इतिहासकार लिव्हीने दीडशेहून जास्त वर्षांनी लिहिलेले, तेव्हा थोडं मीठमसाला धरूनच चालावं.) कायदा रद्द झाला तो झालाच.

पुढे मताधिकार आला आणि सूर बदलला. 30 सप्टेंबर 1918 ला अध्यक्ष विल्सन यांनी अमेरिकी सिनेटला विचारलं, युद्धात बायकांना भागीदार केलं, मग ती भागीदारी फक्त हालअपेष्टांचीच का? म्हणजे बायकांसाठी मताधिकार मागितला तो हक्क म्हणून कमी, कष्टांचा मोबदला म्हणून जास्त. सिनेटने दुसऱ्या दिवशी तेही नाकारलं. 1934 मध्ये न्यूरेंबर्गला हिटलरने बाईचं जग म्हणजे नवरा, मुलं आणि घर, असं सांगितलं. वर, हे लहान जग नसेल तर मोठं जग उभं कसं राहील, हेही जोडलं. पुन्हा कौतुकच!

1959 मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी प्रदर्शनातल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची जुंपली. यंत्रांनी गृहिणींचं काम हलकं होतं, असं निक्सन सांगत होते. बायकांकडे बघण्याची ही भांडवलशाही दृष्टी आमच्याकडे नाही, ख्रुश्चेव्ह म्हणाले. ही दृष्टी जगभर सारखीच, निक्सन उत्तरले. दोघेही बोलत होते ते बायकांबद्दल, बायकांशी नव्हे.

9 ऑक्टोबर 2012 ला ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांची जुनी वाक्यं त्यांच्यासमोरच वाचून दाखवली. त्यात इस्त्री करता करता देशातल्या गृहिणींनी काय समजून घ्यावं, हेही होतं. आधुनिक ऑस्ट्रेलियातल्या स्त्रीचं हे चित्र रंगवल्याबद्दल गिलार्ड यांनी त्यांचे आभार मानले.