घुबडाला म्हातारं झाड कशाला लागतं?

नदीत आडवं पडलेलं झाड दिसलं की ते ओढून बाहेर काढावं, असं कुणालाही वाटेल. तज्ज्ञांनाही वाटलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या पश्चिम भागात सरकारी खात्यांनी नद्याओढ्यांतले ओंडके मोहीम काढून उपसले. हेतू चांगला होता, सॅमन माशांची वाट मोकळी करायची. पुढे तेच काम उलटं करायची पाळी आली आणि ओंडके हेलिकॉप्टरने उचलून नदीत ठेवावे लागले.

या चुकीची उकल पॅसिफिकच्या पलीकडच्या काठावर, रशियाच्या प्रिमोर्ये प्रांतात, एका घुबडाकडून छान होते. ब्लॅकिस्टनचं मत्स्यघुबड हे जगातलं सर्वांत मोठं घुबड. मादीचं वजन साडेचार किलोपर्यंत भरतं. एवढा पक्षी अंडं घालणार तर ढोली तशीच प्रशस्त हवी, आणि ती काठावरच्या जुन्या एल्म, पॉप्लर किंवा चोझेनियाच्या (विलोच्या जातकुळीतलं झाड) बुंध्यातच मिळते. घरट्याचं कारण कळायला सोपं आहे. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हे घुबड मासे पकडायलाही जुनी, मोठी झाडं असलेल्या जागाच निवडतं. मासे तर पाण्यात असतात. मग झाडाच्या वयाशी त्यांचा काय संबंध?

संबंध झाड पडल्यावर सुरू होतो. कोवळं झाड नदीत पडलं तर पहिल्या पुरात वाहून जातं. जुनं झाड मुळांच्या गड्ड्यासकट पडतं, तळाला रुततं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. त्याच्या वरून, खालून आणि कडेने निसटणारं पाणी जोर धरतं, तळ कोरतं, डोह तयार होतो. मागच्या बाजूला मात्र पाणी मंदावतं. इथे एक गणित आहे, ते मला फार आवडतं. दगडावर बसणारा पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या आणि दगडाच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात वाढतो, दगडाचं वजन मात्र त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात. दोन्हींचा मेळ घातला की हलू शकणाऱ्या दगडाचा व्यास वेगाच्या दुसऱ्या घातावर आणि म्हणून वजन सहाव्या घातावर अवलंबून राहतं. म्हणजे वेग निम्मा झाला, की प्रवाहाला ढकलता येणारा सर्वांत मोठा दगड पूर्वीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या वजनाचा उरतो! एका ओंडक्याच्या आसपास वेग जागोजागी बदलतो. त्यामुळे इथे गोटे, तिथे बारीक खडी, पलीकडे वाळू, अशी निवड आपोआप होते. सॅमनला अंडी घालायला नेमकी खडीच लागते.

पुढच्या पुरात फांद्या अडकतात, बांध उंचावतो, पाणी बाजूला घुसून नवा फाटा काढतं. त्या उथळ, संथ फाट्यात माशांची पिल्लं वाढतात. जिथे जमिनीखालचं तुलनेने उबदार पाणी वर येतं किंवा प्रवाह खळाळता असतो, तिथे कडक हिवाळ्यातही पाणी गोठत नाही, आणि घुबडाला तेवढीच उघडी जागा पुरते. घुबड अपशकुनी मानणारे जगभर आहेत. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी ऐनू लोक याच घुबडाला गावाचा राखणदार देव मानतात. पण नुसतं देव मानून पक्ष्याचं पोट भरत नाही, त्याला डोह आणि खडीच लागते.

म्हणून हे घुबड नदीकाठच्या जंगलासाठी ‘छत्र प्रजाती’ म्हणून शोभतं: त्याच्या गरजा पुरवल्या की तिथल्या इतर अनेकांच्या गरजा आपसूक भागतात. दुर्मीळ खवलेदार मर्गान्सर बदक काठावरच्या ढोल्यांतच घरटं करतं, काळं अस्वल पोकळ बुंध्यात हिवाळा काढतं. ‘वाघ वाचवा, सगळं जंगल वाचेल’ ही घोषणा इथे अपुरी पडते. याच प्रांतात अमूर वाघ आहे, पण हरणं आणि रानडुकरं मिळाली तर काठावरचे जुने एल्म तोडले काय नि राहिले काय, त्याला फरक पडत नाही. जनावर मोठं आणि देखणं असलं की छत्रही मोठं असेल, हे पोस्टरवाल्यांनी ठरवलेलं. घुबडाचं छत्रही काठापुरतंच. उतारावरचा कोरियन पाइन आणि कड्यावरचा गोरल हा शेळीसारखा प्राणी त्याच्याबाहेर राहतात. एकाच प्रजातीच्या छत्राखाली सगळे मावत नाहीत, असा निष्कर्ष 2004 मधल्या एका मोठ्या आढाव्यानेही काढला होता.

खरी गोम मोजणीत आहे. होक्काइदोत या घुबडांची संख्या शंभराच्या आत आली, तेव्हा 1980च्या दशकापासून लाकडी पेट्या टांगल्या गेल्या, तळ्यांत मासे सोडून त्यांना खाऊ घातलं गेलं. त्याने पक्षी वाचले, आणि दुसरा इलाजही नव्हता. पण पेटीत राहणाऱ्या नि आयता मासा खाणाऱ्या घुबडाची संख्या वाढली, याचा अर्थ नदीकाठ सुधारला असा होत नाही. त्यामुळे पक्षी किती, यापेक्षा ढोलीत किती आणि पेटीत किती, हा आकडा वेगळा ठेवायला हवा.

आराखडा करणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. घुबड बसतं तेवढी जुनी झाडं नकाशावर हिरवी करणं सोपं. पण चोझेनियाचं बी सावलीत वाढत नाही. पुराने नुकत्याच टाकलेल्या उघड्या खडीवरच त्याचं रोप जोम धरतं. काठ दगडी बांधून नदीला जागच्या जागी खिळवलं, तर आजची झाडं सुरक्षित राहतील, पण त्यांच्या जागी यायला पुढची पिढी नसेल. म्हणून संरक्षित पट्टा झाडांपुरता न आखता, नदी जिथवर सरकू शकते तिथवर आखावा लागतो.