दहा हातांतून फिरणारा चाकू

रानवाटांवर आणि तंबूत चाकू वापरणाऱ्या हौशी मंडळींची एक चांगली पद्धत आहे. गटातला एक जण आपला चाकू देतो, तो प्रत्येकाकडे आठ-दहा दिवस राहतो, वापरणारा आपली निरीक्षणे लिहितो आणि चाकू पुढच्याकडे जातो. शेवटी दहा जणांच्या नोंदी जमतात आणि बहुतेक वेळा त्या जुळतच नाहीत. एकाला धार फार टिकाऊ वाटते, तर दुसरा म्हणतो, दोन फांद्या तासल्या आणि चाकू बोथट झाला. दोघेही खरेच सांगत असतात. फक्त दोघांच्या हाती आलेली धार वेगवेगळी होती.

कापण्याचे काम पात्याची अगदी टोकाची किनार करते. चांगल्या धारेत या किनारीची जाडी एक मायक्रॉनहूनही कमी असते. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. इतकी बारीक किनार चिनीमातीच्या ताटलीवर एकदा घासली तरी बदलते. त्यामुळे तिसऱ्या माणसाने घेतलेली परीक्षा ही पोलादाइतकीच दुसऱ्या माणसाच्या निष्काळजीपणाची परीक्षा ठरते.

कारखान्यातून आलेली पहिली धारसुद्धा भरवशाची नसते. साध्या कार्बन पोलादाला पाणी दिल्यावर (म्हणजे लाल तापवून एकदम थंड केल्यावर) ते साधारण २०० अंश सेल्सियसला पुन्हा तापवतात, म्हणजे कठीणपणा राहून ठिसूळपणा कमी होतो. पण शेवटची धार वेगाने फिरणाऱ्या कोरड्या, खरखरीत घासपट्ट्यावर काढली, तर पातळ किनार क्षणात यापेक्षा जास्त तापते आणि तेवढाच भाग मऊ पडतो. पाते निळे पडले नाही तरी हे घडू शकते. एक-दोनदा दगडावर धार लावली की तो भाग निघून जातो आणि तोच चाकू जास्त टिकू लागतो. म्हणून पेटीतून काढल्याकाढल्या लिहिलेल्या मताला फारसे वजन देऊ नये.

यावर उपाय एकच: प्रत्येकाने परीक्षेआधी ठरलेल्या कोनाची धार स्वतः लावून घ्यायची. बाहेरच्या कामाला दर बाजूला २० अंश हा चांगला मध्यम कोन आहे. तो डोळ्यांनी अजमावू नये, मोजावा. पाते धारेपासून पाठीपर्यंत ३० मिमी रुंद आणि पाठीशी ४ मिमी जाड असेल, तर पाठीची खालची कड दगडापासून सव्वाआठ ते साडेआठ मिमी वर हवी. तेवढ्या जाडीचा लाकडी ठोकळा खाली धरून कोन बसवता येतो. धारेच्या उतारावर, म्हणजे किनारीलगतच्या तिरक्या पट्टीवर, मार्कर पेनने रंग लावा आणि दोन-तीन हलके हात फिरवा. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर पाठ खाली झाली आहे, फक्त किनारीजवळचा गेला तर जास्त वर. १००० ग्रिटच्या (मध्यम बारीक कणांच्या), पाणी घालून वापरायच्या दगडावर एका बाजूला इतके घासा, की दुसऱ्या बाजूला सबंध लांबीभर धातूची बारीक खरखरीत कोर बोटाला जाणवेल. मग दुसरी बाजू तशीच करा. शेवटी ही कोर अगदी हलक्या हाताने आळीपाळीने घासून आणि चामडी पट्ट्यावर ओढून पूर्ण काढा. ती राहिली तर चाकू पहिल्यांदा वस्तऱ्यासारखा चालतो आणि पाच-दहा कापांत ती दुमडून बोथट होतो. ‘पोलाद वाईट’ म्हणणाऱ्या कितीतरी नोंदींचे मूळ इथेच असते.

दुसरी युक्ती प्रयोगशाळेतली आहे आणि ती फार कमी गट वापरतात, याची खंत वाटते. ज्याची परीक्षा घ्यायची त्या चाकूबरोबर त्याच पार्सलमधून एक ओळखीचा, साधा चाकूही फिरवा. दोघांना एकाच कोनाची धार, एकाच दगडावर. मग कुणाचा हात जड असो, कुणाचे लाकूड ओले असो, दोन्ही चाकूंना त्रास सारखाच. प्रत्येकाने ‘इतके काप झाले’ असे लिहिण्याऐवजी ‘जोडीच्या चाकूच्या किती पट’ एवढेच लिहावे. दहा घरांतून आलेले आकडे मग एका तक्त्यात बसू शकतात.

मोजणीला लागतो १२ मिमी जाडीचा सिसलचा (घायपाताच्या तंतूंचा) दोर, एक लाकडी फळी आणि वजनकाटा. दोर एकाच गुंडाळीतला सगळ्यांना वाटून द्यावा, कारण दोरातली माती बदलली की निकाल बदलतो. फळी काट्यावर ठेवा, त्यावर दोर ठेवा आणि पात्याच्या खुणा केलेल्या ५ सेंमी भागानेच ओढून कापा. काट्यावर दिसलेला सर्वांत मोठा आकडा लिहा. पहिल्या पाच कापांची सरासरी काढा. भार तिच्या दुप्पट झाला की थांबा आणि तोवर किती काप झाले ते मोजा. पाच काप एका चाकूचे, दहा दुसऱ्याचे, पुन्हा पाच पहिल्याचे, असा क्रम ठेवला तर हात थकल्याचा दोष एकाच चाकूच्या माथी येत नाही.

शेफील्डच्या कॅट्रा या संशोधन संस्थेच्या यंत्रात हेच तत्त्व आहे. तिथे पाते ५० न्यूटन, म्हणजे साधारण पाच किलोच्या भाराने, ५ टक्के सिलिका मिसळलेल्या कागदावर ६० वेळा पुढे-मागे फिरते आणि एकूण किती कागद कापला ते मोजतात. घरी हा अचूकपणा मिळणार नाही. पण यंत्र लाकडाची गाठ तासत नाही, आणि थंड, ओल्या हातात मूठ कशी बसते हेही सांगत नाही. ते दहा हातच सांगतील.

लाकडाच्या कामात पोलादापेक्षा पात्याचा आकार जास्त बोलतो. धारेच्या उताराच्या लगेच वर कॅलिपरने जाडी मोजा. ०.४ मिमी असेल तर पाते सहज शिरते, ०.८ असेल तर तीच धार लाकडात अडते. प्रत्येक धार लावण्यात थोडे पोलाद झिजते आणि किनार जाड भागाकडे सरकते. वर दिलेल्या ३० मिमी रुंद आणि पाठीशी ४ मिमी जाड मापाच्या, पाठीपासून सरळ उतरत आलेल्या पात्यात रुंदी १ मिमी कमी झाली की ही जाडी साधारण ०.१२ मिमीने वाढते. म्हणून दहाव्या माणसाने पाते ‘जड कापते’ म्हटले तर त्याला खोडून काढू नका. आधी जाडी आणि रुंदी मोजा. ही दोन मापे प्रत्येक मुक्कामी वहीत हवीतच.

पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड फोडायचे असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी. ओंडक्याची जाडी पात्याच्या लांबीपेक्षा निदान ३ सेंमी कमी हवी, म्हणजे ठोकायला टोक बाहेर राहते. रेषा सरळ असलेले, बिनगाठीचे लाकूड निवडा. पाते गाठीत अडकले की लोक मूठ पिळतात, आणि टवके बहुधा तेव्हाच उडतात. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या चाकू घडवणाऱ्यांच्या संस्थेच्या परीक्षेत दोर तोडून, फळ्या तोडून, त्याच धारेने केस काढून शेवटी पाते ९० अंशांत वाकवतात; पण तो चाकू त्या परीक्षेसाठीच घडवलेला असतो. फिरत्या चाकूवर असले प्रयोग करू नयेत.

ठोकून झाल्यावर धार दिव्याखाली वर करून बघा. चांगली धार उजेड परतवत नाही, ती दिसतच नाही. चमकणारी रेघ दिसली तर धार दुमडली आहे किंवा चपटली आहे: पोलाद मऊ, किंवा कोन फार बारीक. दहापट भिंगातून खडबडीत खाच दिसली तर टवका उडाला आहे: पोलाद जास्त कठीण, किंवा पाते आडवे पिळले गेले. किंचित दुमड चामडी पट्ट्यावर सरळ होते, टवका मात्र दगडावरच घालवावा लागतो. काय झाले त्याचा फोटो काढल्याशिवाय दुरुस्ती करू नका.

रवानगीआधी पाते साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. कुणाचे बोट कापले असेल तर स्पिरिटनेही पुसा. १०९५ या प्रतीसारखे कार्बन पोलाद असेल तर खाण्याच्या कामाला चालेल असे खनिज तेल बोटाने पातळ लावा. पाते चामड्याच्या म्यानात ठेवून पाठवू नये: चामडे ओल धरते आणि दोन दिवसांत गंजाचे ठिपके उठतात. टोकाला बूच, पात्याला पुठ्ठ्याचे दुहेरी वेष्टण, वर चिकटपट्टी; म्यान वेगळे. चाकू टपालाने पाठवायला तिथला कायदा परवानगी देतो का, हे यादीत नाव घालण्यापूर्वीच ज्याचे त्याने तपासावे.