श्रीहरी नटराज : ५३.७७ सेकंदांची पार्श्वभूमी

जलतरणपटू श्रीहरी नटराजच्या कारकिर्दीचा विषय निघाला की गाडी हटकून २७ जून २०२१ पाशी येते. रोमच्या सेत्ते कोल्ली स्पर्धेचा शेवटचा दिवस, टोकियो ऑलिम्पिकसाठी पात्रता वेळ नोंदवण्याचीही शेवटची तारीख, आणि १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये, म्हणजे पाठीवर पोहण्याच्या प्रकारात, ५३.७७ सेकंद. 'अ' निकष, म्हणजे थेट पात्र ठरवणारी वेळ, होता ५३.८५. आठ शतांशांनी तो आत आला. पण ही वेळ टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे शर्यतीबाहेर फक्त घड्याळाविरुद्ध पोहून आलेली होती, आणि तिथेच माशी शिंकली.

त्याआधीचे थोडक्यात. भारतीय जलतरणाच्या खात्यात मोठी पदके फार नाहीत. १९८६ च्या सोल एशियाडमधले बटरफ्लायचे रौप्य, त्यानंतर थेट २०१० मध्ये ग्वांगझूला कोल्हापूरच्या पोराने मिळवलेले कांस्य. बॅकस्ट्रोकचा तर या यादीत पत्ताच नाही. २००१ मध्ये जन्मलेला बंगळुरूचा हा मुलगा २०१८ मध्ये आधी गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि मग जकार्ता एशियाडच्या अंतिम फेरीत दिसला, तेव्हा जाणकारांच्या माना वळल्या. पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत त्याने ५४.६९ ची वेळ दिली. टोकियोचा 'ब' निकष ५५.४७ होता, म्हणजे तो आरामात पार झाला.

'पात्र' या शब्दाभोवतीच्या गोंधळाचे मूळ या 'ब' मध्येही आहे. 'ब' वेळ म्हणजे ऑलिम्पिकचे तिकीट नव्हे. जागा उरल्या तर आमंत्रण येण्याची शक्यता, इतकेच. तरीही आपल्याकडे 'ब' वेळ आली की 'ऑलिम्पिकसाठी पात्र' असा मथळा झळकायचा. तिसरा दरवाजा सार्वत्रिकता कोट्याचा. ज्या देशाचा एकही जलतरणपटू वेळेवर पात्र ठरत नाही, त्याला एक पुरुष आणि एक महिला पाठवता येते. तो धर्मादाय नव्हे, नियमातलाच दरवाजा आहे. पण या तिन्ही वाटांनी गेलेल्यांना आपण सरसकट 'पात्र' म्हणत आलो, त्यामुळे 'अ' वेळेची किंमत कळायला आपल्याला २०२१ उजाडावे लागले. तोवर एकाही भारतीय जलतरणपटूने ती गाठली नव्हती. त्यात भर म्हणजे आपल्याकडे राष्ट्रीय विक्रम फक्त राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतच होऊ शकतो. परदेशात कितीही वेगाने पोहलात तरी ती 'सर्वोत्तम भारतीय वेळ'. ज्या देशात बहुतेक चांगल्या वेळा परदेशातच नोंदल्या जातात, तिथे या नियमाचा अर्थ कुणी लावावा!

करोनाने ऑलिम्पिक वर्षभर पुढे गेले. मार्च २०२० मध्ये देशातले तलाव बंद झाले आणि स्पर्धात्मक जलतरणपटूंसाठी ते उघडायला ऑक्टोबरचा मध्य आला. धावपटू गच्चीवर, अंगणात काहीतरी करू शकतो. जलतरणपटूचे पाणीच काढून घेतले की उरते ते दोरीच्या उड्या आणि रबरी पट्टे ओढणे. मोजक्या काहींना दुबईच्या शिबिराला पाठवले, त्यात श्रीहरी होता. यातली एक बाजू सहसा बोलली जात नाही. ऑलिम्पिक ठरल्या वेळी झाले असते, तर पात्रतेची मुदत २०२० च्या जूनअखेर संपली असती, आणि त्याच्या खात्यात ५४.६९ च राहिले असते. ज्या वर्षाने त्याचे पाणी तोडले, त्याच वर्षाने त्याला मुदत वाढवून दिली.

एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंदला ५४.०७. जूनमध्ये बेलग्रेडला सुवर्ण, पण वेळ ५४.४५. मग रोम. तिथल्या शर्यतीत ५३.९०. निकष पाच शतांशांनी हुकला.

पाच शतांश म्हणजे या वेगाला साधारण नऊ सेंटिमीटर. बॅकस्ट्रोकमध्ये हे अंतर कुठे हरवते, ते समजून घेण्यासारखे आहे. इतर तिन्ही प्रकारांत भिंत समोर दिसते. इथे ती डोक्यामागे असते. भिंतीच्या पाच मीटर आधी वर पताका टांगलेल्या असतात; त्या डोळ्यांवरून गेल्या की जलतरणपटू हात मोजू लागतो, आणि ठरलेल्या हाताला मान मागे टाकून, खांदा ताणून बोटे टचपॅडवर, म्हणजे घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीवर, आदळतो. हात अर्धा जास्त पडला तर कोपर दुमडलेला असतानाच भिंत येते, कमी पडला तर शेवटचा हातभर भाग नुसते घसरत जावे लागते. त्यात रोमचा तलाव उघड्यावरचा. बंदिस्त तलावात छताच्या कडा आणि पट्ट्या धरून सरळ जाता येते. उघड्यावर वर नुसते आभाळ, आणि दोरीला दंड घासला की कळते आपण वाकडे चाललो आहोत. आपल्याकडचेही बरेच तलाव उघडेच आहेत, तेव्हा त्याला हे नवीन नव्हते, पण नऊ सेंटिमीटर जायला एवढे पुरते.

आता टाइम ट्रायलबद्दल. मोठ्या स्पर्धेच्या कार्यक्रमात मुख्य शर्यतींना धक्का न लावता, एखाद्याला ठरावीक वेळ गाठायची संधी म्हणून ती घेतली जाते. पदक नाही, क्रमांक नाही, फक्त घड्याळ. २७ जूनला त्याने ती ५३.७७ मध्ये पूर्ण केली. नियम असा होता की वेळ मान्यताप्राप्त पात्रता स्पर्धेत आणि मुदतीच्या आत नोंदलेली हवी. मुदत पाळली होती, स्पर्धाही मान्यताप्राप्त होती. प्रश्न एवढाच की स्पर्धेच्या आवारात पण शर्यतीबाहेर नोंदलेली वेळ 'स्पर्धेतली' धरायची का. आपल्या महासंघाने ती जागतिक संघटनेकडे विचारासाठी पाठवली. आदल्याच दिवशी, त्याच तलावात, केरळच्या बटरफ्लायपटूने २०० मीटरची रीतसर शर्यत १:५६.३८ मध्ये पोहून पहिली भारतीय 'अ' वेळ नोंदवली होती. तिथे कुणाला काही विचारावे लागले नाही. श्रीहरीला मात्र वाट पाहावी लागली. काही दिवसांत होकार आला आणि एकाच ऑलिम्पिकला दोन 'अ' वेळवाले भारतीय गेले.

या होकारावर ज्यांचा आक्षेप, त्यांचे म्हणणे सोपे आहे. पात्रता म्हणजे दडपणाखाली प्रतिस्पर्ध्यांसमोर पोहणे. एका माणसासाठी मांडलेला डाव त्यात बसत नाही, आणि ही सोय सगळ्यांना सारखी मिळत नाही. दुसरा मुद्दा बिनतोड आहे. ज्याला परदेशी स्पर्धेपर्यंत पोहोचताच आले नाही, त्याला कसली टाइम ट्रायल?

पहिला मुद्दा मात्र पटत नाही. तलाव तोच, पन्नास मीटरचा. टचपॅड तेच, घड्याळ तेच. सुरुवातीनंतर आणि वळणानंतर पाण्याखाली पंधरा मीटरची मर्यादा तीच, वळण चुकले तर बादही तसेच. आणि पात्रता निकष मुळात घड्याळाशीच बांधलेला आहे. रीतसर शर्यतीत शेवटचा आलेलाही त्या वेळेत आला तर पात्र ठरतो. मग क्रमांकाशिवायच्या वेळेत कमीपणा कसला? उलट शेजारच्या लेनमध्ये कुणी खेचायला असले की वेळ सुधारते, हा सगळ्यांचाच अनुभव. पदकाचे आमिष नसताना आणि मुदतीचा शेवटचा दिवस डोक्यावर असताना आलेली वेळ कमी दडपणाची म्हणणे जरा अतीच झाले. 'मागच्या दाराने गेला' हा शेरा तेव्हा ऐकू आला, तो अन्यायाचा होता.

टोकियोत तो ५४.३१ मध्ये पोहला आणि २७ वा आला. उपांत्य फेरी पहिल्या सोळांची. टीकाकारांना बोलायला निमित्त मिळाले. त्यानंतर वर्षभराने बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन फेऱ्यांची चढती कमान दाखवली : ५४.६८, ५४.५५ आणि अंतिम फेरीत पुन्हा ५४.३१, शतांशासकट तीच वेळ. सातवा क्रमांक. ५० मीटरमध्ये पाचवा. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये १०० मीटरच्या अंतिम फेरीत सहावा. त्याच वर्षी गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, पदकतक्त्यात महाराष्ट्र पहिला असताना, सर्वोत्तम पुरुष खेळाडूचा मान कर्नाटकच्या या जलतरणपटूकडे गेला. देशात त्याला गाठणारा कुणी नाही आणि बाहेर अंतिम फेरीचा उंबरठा ओलांडला तरी पदक दूर, अशा दोन टोकांत त्याची कारकीर्द आहे.

पॅरिसच्या वेळी निकष बदलले. 'अ' वेळ ५३.८५ वरून ५३.७४ वर आली. रोममध्ये ज्या वेळेने त्याने इतिहास घडवला, ती पॅरिससाठी तीन शतांशांनी अपुरी ठरली असती. त्याहून मोठा फरक 'ब' मध्ये पडला. पूर्वी 'अ' च्या तीन टक्के मागेपर्यंत सवलत होती, ती अर्ध्या टक्क्यावर आणली गेली : ५५.४७ च्या जागी ५४.०१. मधली पायरीच जवळपास काढून टाकली. श्रीहरीला ५३.७४ जमले नाही आणि तो सार्वत्रिकता कोट्यातून पॅरिसला गेला. महिलांमध्ये हीच जागा बंगळुरूच्याच चौदा वर्षांच्या मुलीला मिळाली. तिथे श्रीहरीची वेळ ५५.०१, आपल्या हीटमध्ये (प्राथमिक शर्यतीत) दुसरा, एकूण ३३ वा. 'अ' वेळवाला जलतरणपटू तीन वर्षांनी कोट्यातून जातो याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. टोकियोच्या वेळी टाइम ट्रायलवर तावातावाने बोलणारेही गप्प होते.

अलीकडे त्याने फ्रीस्टाइलकडे बरेच लक्ष वळवले आहे. २०२५ मध्ये अहमदाबादच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २०० मीटर फ्रीस्टाइलचे रौप्य त्याने घेतले, आणि ५० मीटर बॅकस्ट्रोकमध्येही रौप्यच, २५.४६ सेकंदांत. या स्पर्धेत भारताचे त्याआधीचे पदक २००९ चे होते, तेही कोल्हापूरच्या त्याच पोराचे. ५० मीटर बॅकस्ट्रोक आजवर ऑलिम्पिकमध्ये नव्हता, म्हणून प्रशिक्षक मंडळी त्याकडे जोडशर्यत म्हणूनच पाहत. एप्रिल २०२५ मध्ये निर्णय झाला, की २०२८ च्या लॉस एंजेलिसला बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्हींचे ५० मीटर प्रकार असतील. बर्मिंगहॅममधला त्याचा पाचवा क्रमांक याच अंतरातला होता, आणि तेव्हा त्याची दखल शंभर मीटरच्या सातव्यापेक्षाही कमी घेतली गेली होती.