‘एलियन ३’ : न्यूट आणि हिक्स यांच्या मृत्यूमागचा घोळ

‘एलियन’ या परग्रही प्राण्याच्या चित्रपटमालिकेचे आधीचे दोन भाग (१९७९ आणि १९८६) सगळ्यांना पाठ आहेत. भांडण आहे ते १९९२ च्या तिसऱ्या भागावर, त्यातही सुरुवातीच्या काही मिनिटांवर. नायिका रिप्लीने दुसऱ्या भागात जिवावर उदार होऊन वाचवलेली छोटी न्यूट आणि सोबतचा सैनिक हिक्स, दोघंही सुरुवातीची श्रेयनामावली सरेपर्यंत संपलेले असतात. ती अंतराळप्रवासाच्या झोपेच्या नळकांड्यात बुडून मेलेली, त्याच्या अंगात दांडा घुसलेला.

मुळात हे असं ठरलेलं नव्हतं. १९८७ च्या पहिल्या पटकथेत हिक्सच नायक होता आणि रिप्ली बहुतेक वेळ बेशुद्ध. मग लेखक बदलत गेले. मध्येच लाकडी ग्रहावरच्या साधूंच्या मठाची कल्पना आली, सेटची कामंही सुरू झाली आणि ती मांडणारा दिग्दर्शक बाहेर पडला. मठाचा तुरुंग झाला, पण धर्म कैद्यांच्या अंगाला चिकटून राहिला. जानेवारी १९९१ मध्ये इंग्लंडात चित्रीकरण सुरू झालं तेव्हाही पटकथा पूर्ण नव्हती. नव्या दिग्दर्शकाचा हा पहिलाच चित्रपट. त्यात त्याच वर्षीच्या जाहिरातीत परग्रहीला पृथ्वीवर आणण्याचं वचन देऊन टाकलेलं!

न्यूटला ठेवणंही सोपं नव्हतं. कथेत मध्ये काळ गेलेलाच नव्हता; ते काम केलेली मुलगी मात्र पाच वर्षांनी मोठी झाली होती. हिक्सचं काम करणाऱ्याचा पडद्यावर फक्त फोटो दिसतो, त्याचे त्याला पैसे मिळाले. चाहत्यांनी याला विश्वासघात म्हटलं. पण याच निर्णयातून शवविच्छेदनाचा प्रसंग निघाला. पोरीच्या आत परग्रहीचं पिल्लू वाढत असेल या धास्तीने रिप्ली पटकीचं खोटं कारण सांगून डॉक्टरला तिची छाती उघडायला लावते. आपल्याला दिसतो तो बहुतेक रिप्लीचा चेहरा. बाकी सगळं कानांवर पडतं. मालिकेत याच्या तोडीचं दुःख दुसरीकडे नाही, आणि तक्रार करणारे नेमकं हेच सोडून बोलतात.

२००३ च्या डीव्हीडी संचात अर्ध्या तासाने लांब आवृत्ती आली. तिला सर्रास ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणतात, ते चूक आहे. दिग्दर्शकाने त्यात हात घातला नाही. जुन्या कच्च्या संकलनावरून इतरांनी ती उभी केली. तिच्यात परग्रही कुत्र्याऐवजी बैलातून जन्मतो, आणि भट्टीतल्या शेवटच्या उडीत रिप्लीच्या छातीतून पिल्लू बाहेर येत नाही. रिप्लीच्या जहाजावर परग्रहीचं अंडं आलं कुठून, याचा धड खुलासा दोन्हीकडे नाही.

पुढे हिक्सला उठवण्याचे प्रयत्न झाले. २०१३ च्या एका व्हिडिओ गेमने तो मृतदेह दुसऱ्याचाच ठरवला. २०१९ मध्ये पहिल्या पटकथेचं श्राव्यनाट्य झालं, आवाज त्याच जुन्या नटाचा. २०१५ मध्ये तर त्याला परत आणणाऱ्या नव्या चित्रपटाची घोषणा झाली होती. तो बासनात गेला आणि २०१७ साली आला ‘एलियन: कॉव्हेनंट’: पहिल्या भागाच्याही आधीची गोष्ट, म्हणजे न्यूट-हिक्सचा प्रश्नच नाही.